रत्नमावशींचा हात

भांडुपच्या त्या पॅथॉलॉजी लॅबच्या ऑफिसात राउटर म्हणजे काय हे नीट ठाऊक असलेला माणूस एकच, नंदू परब. बाकीच्यांना एवढंच माहीत, की काचेच्या खोलीत एक काळी पेटी घरघरत बसलेली असते आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या शाखांचे रिपोर्ट तिच्यातून येतात-जातात. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा नंदू तिथे शहाणा होता. आणि ते शहाणपण त्याला आवडायचंही.

त्या पेटीला दोन स्मरणं असतात. एक चालू कामाचं. सांगाल ते लगेच ऐकतं, पण वीज गेली की दारातल्या रांगोळीसारखं पुसलं जातं. दुसरं कायमचं. वीज जावो की राहो, तिथे लिहिलेलं तिथेच. म्हणून काही बदल केला, की एक छोटीशी कमांड देऊन तो पहिल्यातून दुसऱ्यात उतरवून ठेवायचा असतो. नंदूने श्रावणात काही नव्या शाखा जोडल्या आणि हे चुटकीसरशी होणारं काम उद्यावर ढकललं. पेटी कधी बंदच होत नसे, त्यामुळे त्याचा तो उद्या काही उगवला नाही.

उगवली ती खंडेनवमी. दसऱ्याला ऑफिस बंद, म्हणून यंत्रांची पूजा आदल्या दिवशी. मॅनेजर विद्याधर सरांनी यंदा फर्मान काढलं, "जेवणाच्या सुट्टीत सगळं थोडा वेळ बंद करा, पुसा, पूजा करा. वर्षभर राबतात बिचारी."

पूजेचं ताट घेऊन आल्या रत्नप्रभा मावशी. ऑफिसातला चहा आणि साफसफाई त्यांच्याकडे. मूळच्या कणकवलीकडच्या, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. ताट रिसेप्शनवरच्या श्वेताच्या हातात देऊन त्या नेहमीसारख्या दाराशी जाऊन उभ्या राहणार, तोच नंदूने त्यांना अडवलं.

"मावशी, रोज या खोलीची धूळ कोण पुसतं? तुम्ही ना? मग हळदकुंकूही तुम्हीच वाहायचं."

"नको रे झिला. माका शोभत नाय ता."

"कुठल्या जमान्यात आहात? मी सांगतोय ना!"

त्याने ताट त्यांच्या हातात दिलं आणि खिशातून मोबाइल काढला. काम चांगलं होतं, यात वाद नाही. पण खरं सांगायचं तर त्या कामापेक्षा ते करणारा नंदू परब त्याला जास्त आवडला होता. स्टेटसवर व्हिडिओ टाकायचा, खाली ओळ कोणती लिहायची, तेही त्याने मनात ठरवून टाकलं. "आता बटणही तुम्हीच बंद करा, मावशी. इकडे बघून!" चांगला कोन शोधण्याच्या नादात राहून गेलेलं काम त्याला आठवलं नाही ते नाहीच.

मावशींनी बटण बंद केलं. पेटी पुसली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. चेहरा असा उजळला होता, की श्वेताचेही डोळे भरून आले.

बटण परत चालू झालं आणि वाट लागली. पेटी उठली ती जुनं तेवढं आठवत. नव्या शाखा तिच्या गावीही नव्हत्या. फोन खणखणू लागले. मुलुंडला एका बाईचं ऑपरेशन रिपोर्टसाठी खोळंबलं. विद्याधर सर धावत आले. नंदूने लॅपटॉप जोडला आणि पहिल्याच नजरेत त्याला सगळं कळलं.

"कुंकू आत गेलं असणार," सर म्हणाले. "नाहीतर आजपर्यंत कधी असं झालंय?"

"असेल, सर," नंदू म्हणाला.

बस, एवढंच. पण पाठीमागून आवाज आला, "माझोच हात लागलो. माका नको म्हणान सांगत होतंय मी." मावशी ताट छातीशी धरून उभ्या होत्या. श्वेताने नंदूकडे पाहिलं. त्याने एक शब्द बोलायचा अवकाश होता. नंदू मिठाची गुळणी धरून बसला.

संध्याकाळपर्यंत त्याने सगळं पुन्हा भरलं आणि या खेपेला कायमच्या स्मरणात उतरवलंही. बैल गेला आणि झोपा केला! सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ती थाप त्याला चपराकीसारखी लागली. व्हिडिओ त्याने गुपचूप काढून टाकला.

दुसऱ्या आठवड्यापासून नंदूचा चहा काचेच्या खोलीबाहेर स्टुलावर दिसू लागला. मावशी आत येईनात. ऑफिसातल्या गणपतीपुढे त्या रोज उदबत्ती लावायच्या, तीही सोडली. श्वेताच्या डोहाळजेवणाला साडी पाठवली, स्वतः गेल्या नाहीत. "पोटुशी पोर ती, कशाक माझी सावली," म्हणाल्या. हे ऐकलं त्या दिवशी नंदूचं जेवणावरून मन उडालं. त्याला स्वतःची शिसारी आली. जी गोष्ट त्या बाईच्या मनातून काढायला आपण ऐटीत निघालो होतो, ती आपणच तिच्या मनात खिळा ठोकून बसवली.

लक्ष्मीपूजनाला सगळे जमले. मावशी पँट्रीच्या दाराशी. नंदू मध्येच उभा राहिला.

"मला बोलायचंय. त्या दिवशी कुंकवाने काही झालं नव्हतं. चूक माझी होती. मी बदल सेव्हच केले नव्हते. पेटी कुणीही बंद केली असती, तरी हेच झालं असतं. मी घाबरलो आणि गप्प बसलो."

त्याने दोन्ही स्मरणं समजावून सांगितली. कुणाला काही उमगलं नाही. समजणारा तिथे तोच एकटा होता ना!

"मावशी, चला. आत्ता तुमच्या हाताने बंद करा, चालू करा. काहीही होणार नाही. बघाच तुम्ही!"

"नको रे बाबा, ऐन सणाच्या दिवशी!" सर घाईघाईने म्हणाले. मग त्यांनी नंदूच्या खांद्यावर हात ठेवला. "कळलं आम्हाला, नंदू. मन मोठं आहे तुझं." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

"सर, मी खरं सांगतोय!"

मावशी डोळे पुसत पुढे आल्या. "म्हायत आसा माका, झिला. माझ्यासाठी सगळो आळ आपल्यावर घेतलंस. पोटचो पोर पण करूचो नाय असा. देव तुझा बरा करंदे."

आशीर्वाद द्यायला त्यांनी हात उचलला. नंदूने मान खाली घातली. हात त्याच्या डोक्यापर्यंत आला, तिथेच थांबला, आणि मावशींनी तो हळूच मागे घेऊन पदराखाली लपवला.