भागीरथाबाईंचं परतीचं तिकीट

श्रावण गुरुजींनी बायकोच्या पासपोर्टच्या इतक्या झेरॉक्स काढल्या होत्या, की बँकॉकच्या विमानतळावर झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना एकेक वाटली असती तरी उरल्या असत्या. वलगावच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी फारसं काही विचारत नसे. म्हणून कोणी विचारलंच तर आपल्याकडे कागद असावा, अशी त्यांची तयारी. फायलीत जावयाचं निमंत्रणपत्र होतं, आधार होतं, लग्नाचा फोटो होता आणि गॅसचं पुस्तकही होतं.

"गॅसचं काहून?" भागीरथाबाईंनी विचारलं होतं.

"पत्त्याचा पुरावा."

"बँकॉकवाले काय सिलिंडर पाठवून राहिले?"

भागीरथाबाईंचा कारभार उलटा होता. लागेल तेवढं डोक्यात ठेवायचं आणि डोक्यात काय आहे ते नवऱ्याला शेवटी कळू द्यायचं. तीस वर्षांचा संसार या एका नियमावर सुरळीत चालला होता.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी बँकॉकला. तिचा नवरा प्रीतम तिथल्या एका शाळेत गणित शिकवतो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरणीनं विमानात बसायला साफ मनाई केली. पोरगी माहेरी येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरच पोरीकडे निघालं. थाळीपिठाची भाजणी, मेथीचे लाडू, डिंक, बाळाला गुंडाळायला जुन्या सुती लुगड्याचे तुकडे, असा बाईंचा ऐवज होता. गुरुजी फक्त मुंबईपर्यंत सोडायला निघाले होते; त्यांचा ऐवज म्हणजे फाईल.

अमरावतीहून निघून दुपारी दोघं अकोल्याला पोहोचली. मुंबईची गाडी बडनेऱ्यालाही मिळाली असती. पण भागीरथाबाईंच्या बहिणीचा मुलगा धर्मेंद्र अकोल्याला स्टेशनजवळ तिकिटांचं दुकान चालवतो, आणि विमानाचे शेवटचे सोपस्कार तोच करून देणार होता. पाटीवर 'देश-विदेश प्रवास' असं लिहिलंय. देश म्हणजे बहुतेक पुणे. विदेश म्हणजे यंदा तरी मावशीच.

"जयभीम मावसाजी. बसा. मावशी, पंख्याखाली ये." धर्मेंद्रनं संगणकात पासपोर्टचा नंबर टाकला, मग विमानाचा. मग तो गप्प झाला. बोलक्या माणसाचं गप्प होणं हे नेहमी खर्चाच्या बाजूला धरावं.

"काय झालं?" गुरुजी.

"मावसाजी, व्हिसा लागत नाही ते बराबर हाय. पण विमान कंपनी विचारून राहिली, परतीचं नाहीतर पुढच्या प्रवासाचं तिकीट दाखवा. त्याच्याशिवाय उद्या मुंबईले काउंटरवाले बसूच देणार नाहीत."

"मंग दाखव ना! परतीचं तूच काढलं होतं. हे पाहा झेरॉक्स."

धर्मेंद्रनं झेरॉक्स हातात घेतली आणि मावशीकडे पाहिलं. मावशीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"ते वापस केलं," बाई म्हणाल्या.

"कोणी?"

"यानं."

"मावशीनं सांगतलं म्हणून!" धर्मेंद्र खुर्चीतून अर्धा उठला. "मावसाजीले सांगू नको म्हणे. मी म्हटलं मावशी, विचार करून सांग. तर म्हणे, तू मले शिकवू नको, तुह्या नाकातला शेंबूड मी पुसला हाय."

गुरुजींनी चष्मा काढला. वर्गात ते असं करायचे तेव्हा मागच्या बाकावरचं पोरगंही सरळ बसायचं. बाई काही सरळ बसल्या नाहीत.

"काहून पण?"

"लेकीच्या बाळंतपणाले दिवस ठरवून जात नाहीत."

"बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपण? ही अंधश्रद्धा तुह्यात कुठून आली?"

"अंधश्रद्धा कायची त्यात? प्रियदर्शनी झाली तवा माही माय अचलपूरहून आली होती. अमक्या दिवशी भाऊ घ्यायले येईन, असं ठरवून आली होती. दिवस जवळ आला तसं तिचं ध्यान माह्याकडे कमी अन् पिशवीकडे जास्त. ती घरी वापस गेली अन् दुसऱ्याच दिवशी मी तापानं फणफणली. मरेपर्यंत माय म्हणे, भागीरथा, दिवस ठरला की बाई दिवसच पाहते, लेकराले पाहत नाही." बाईंनी पदर सारखा केला. "तुमी नाही का, रिटायर व्हायच्या वर्षी पोरायले शिकवणं सोडून तारखाच पाहून राहिले होते?"

धर्मेंद्रला हसू आलं. मावसाजींचं तोंड पाहून त्यानं ते खोकल्यात जमा केलं.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. प्रियदर्शनी.

"आई, निघाली का तू? आज दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीण म्हणते, आता कधीबी. आई, तू उद्या नक्की येशील ना? मले लय भेव वाटून राहिलं."

"हाव, येते ना. पाणी पेत जाय. डाव्या कुशीवर झोप." बाईंनी फोन ठेवला. पोरीला शब्द देऊन झाला होता, आणि तो पाळायला लागणारं तिकीट त्यांनीच परत केलं होतं.

"मावशी, परतीचं पुन्हा काढू?" धर्मेंद्रनं हळूच विचारलं.

बाईंनी नाहीही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. त्यांच्या आयुष्यात अशा प्रसंगांची नोंद फारशी नाही.

"नाहीतर एक उपाय हाय," धर्मेंद्रनं आवाज उतरवला. "नुसतं दाखवायपुरतं बुकिंग भेटते. दोन दिवस खरं दिसते, मंग आपोआप गायब. लय लोक करतात."

आता गंमत बघा. ज्या गुरुजींनी हयातीत पोरांच्या वयाचा खोटा दाखला दिला नाही, ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "म्हणजे दोन दिवस ते खरंच असते म्हण. तसं पाह्यलं तर त्याले सरळ खोटं नाही म्हणता येत..."

"अवो," बाई म्हणाल्या, "दर पौर्णिमेले विहारात पंचशील कोण म्हणून घेते?"

गुरुजींनी खुर्ची परत मागे सरकवली.

"चौथं काय हाय?"

"खोटं बोलणार नाही," गुरुजी पुटपुटले.

"जरा मोठ्यानं. धर्मेंद्रलेबी ऐकू द्या."

धर्मेंद्रनं संगणकावर उघडलेली ती खिडकी निमूट बंद केली. बाहेर रिक्षावाले अकोट, अकोट ओरडत होते. गाडीला अवकाश होता, पण तो संपत चालला होता.

बाई उठून संगणकापाशी आल्या. "काय लिहिलं हाय ते पुन्हा वाच बरं. तू आपल्या मनानं सांगू नको, लिहिलं तेच सांग."

"परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं."

"पुढच्या म्हणजे कुठच्या?"

"म्हणजे तू तो देश सोडून जाऊन राहिली, हे त्यायले दिसलं पाहिजे. मंग कुठंबी जा."

"घरीच आलं पाहिजे असं नाही?"

"नाही. सिंगापूर जा, लंकेले जा."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा चेहरा मोकळा झाला होता.

"मंग गयेचं काढ."

"कायचं?"

"गया. बोधगया. आपल्या विहारात मागच्या हिवाळ्यात ते थाई भंतेजी आले होते ना, ते सांगत होते. थंडीत बँकॉकहून गयेले सरळ विमान येते म्हणे."

धर्मेंद्रची बोटं कामाला लागली. विमान होतं. व्हिसाशिवाय तिथं राहायची मुदत संपायच्या आत, फेब्रुवारीत. तारीख बदलून मिळेल असं तिकीटही होतं.

गुरुजींना मात्र हिशेब पटेना. "अवं, पण तारीख तर ठरलीच ना! अन् बदलून मिळते तर घरच्याच तिकिटानं काय घोडं मारलं होतं?"

"घर बोलावत राहते. तुमी रोज फोन करान, वरण कसं लावू, कुकरची शिट्टी वाजत नाही. गया बोलावत नाही. ती अडीच हजार वर्षं थांबली, अजून आठ दिवस थांबन." मग बाईंनी जरा थांबून पुढचा हप्ता वसूल केला. "अन् तुमी मले किती वर्षांपासून नेऊन राहिले गयेले? पहिले स्लॅब, मंग गुडघा, मंग पुढच्या बुद्धपौर्णिमेले."

यावर गुरुजींच्या फाईलमध्ये कोणताही कागद नव्हता.

तिकीट निघालं. कंपनीच्या पानानं यावेळी काही हरकत घेतली नाही. धर्मेंद्रनं थायलंडचा प्रवेशाचा अर्जही भरला. प्रिंट निघाली तशी बाईंनी ती फाईलमध्ये नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मग त्यांनी डबा उघडला, आणि त्या दुकानात तिघांनी मिळून बाळंतिणीच्या लाडवांतले तीन लाडू कमी केले. गाडी सुटताना धर्मेंद्र फलाटावर डब्याबरोबर चालत होता. आपल्या हातानं वापस केलेलं तिकीट आता त्याच्या मानेवरून उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलंच. बाईंनी पर्समधून कागद काढून दिला. मुलीनं वाचला, पुन्हा वाचला. "गया? मग घरी कशा जाणार?"

"घरी जायचं पाहता येईल, बाई. आधी नातवंडाचं तोंड पाहू दे."

मुलगी हसली आणि बोर्डिंग पास पुढे सरकला. काचेपलीकडे उभ्या गुरुजींनी फाईल उंच धरली, लागलीच तर म्हणून. लागली नाही.

ते अमरावतीला घरी पोहोचले तेव्हा फोन आला. आधी पाळण्यातल्यासारखं बारीक रडणं ऐकू आलं, मग बाईंचा आवाज.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. प्रियदर्शनी दवाखान्यात भरती होती, मी विमानतळावरून टॅक्सीनं सरळ तिथंच गेली. हात धरला अन् घंट्याभरात मोकळी झाली."

गुरुजी ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. मग शिक्षकच ते, म्हणाले, "तिथच्या साहेबानं तिकीट नीट पाह्यलं ना?"

"कोणी पाह्यलंच नाही! पोरगं होतं बिचारं. माह्या तोंडाकडे पाह्यलं, शिक्का मारला, जा म्हणे."

"मंग ते गयेचं..."

"मंग काय? ते का साहेबासाठी काढलं होतं?"

गुरुजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "भागीरथा, मी येऊ काय गयेले?"

"तुमी नाही आले तर मले विमानतळावर घ्यायले कोण येईन? आता ठेवा. पोरगी उठली."