राउटरच्या कपाळावरचा स्टिकर

मित्रांनो, एखाद्या कपाटावर लुकलुकणारा डबा तुम्ही पाहिला असेल, पण त्याची विचारपूस कधी केली नसेल. मी तसाच एक जुना राउटर आहे. आज मात्र मी माझी कहाणी छाती फुगवून सांगणार आहे. खरे तर मला छाती नाही. हवा खेळावी म्हणून भोके तेवढी आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून खोक्यात झोपून मी या ऑफिसात आलो. इथे एक भाऊ आणि बहीण इमारतींचे नकाशे काढतात. सगळे त्यांना दादा आणि ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. माझे काम टपाल वाटणाऱ्याचे. संगणकाने पाठवलेला नकाशा प्रिंटरला पोचवायचा, बाहेरून आलेला मजकूर ज्याच्या त्याच्या यंत्राला नेऊन द्यायचा. त्यासाठी प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता, म्हणजे एक नंबर लागतो. माझा स्वतःचा नंबर एक. दोन यंत्रांना एकच नंबर मिळाला, तर टपाल कोणाच्या दारात टाकायचे हे मला कळत नाही.

हे नंबर दादा हाताने द्यायचा. दिलेला नंबर स्टिकरवर लिहून यंत्राच्या कपाळावर चिकटवायचा, ही या ऑफिसची रीत. नवा माणूस आला की दादाची वाट बघत ताटकळायचा. घाईगर्दीत दादा कधी एकच नंबर दोघांना द्यायचा आणि दोन्ही संगणक तोंड मिटून बसायचे. मग बोलणी कोणाला? मला! माझी वायर खसकन उपटायची आणि पुन्हा खुपसायची, एवढाच उपचार. काम सुरळीत चालले, तेव्हा माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. अंगावर धुळीचा थर साचत गेला.

कहर झाला तो एका बैठकीत. तेव्हा पाहुण्यांचे फोनही आमच्याच जाळ्यात येत. एका पाहुण्याचे बोट कुठे पडले कोण जाणे, शाळेच्या नकाशाऐवजी मोठ्या प्रिंटरमधून सतरंजीएवढे मांजर बाहेर आले! पाहुणे पोट धरून हसले, पण काम हातचे गेले. दादाने रागाने एका स्टिकरवर ‘भंगार’ असे लिहिले आणि माझ्या कपाळावर चिकटवले. मित्रांनो, मला फार वाईट वाटले.

“थांब रे दादा,” ताई म्हणाली. “याला काय काय येतं ते आपण कधी बघितलं तरी का? परवा ग्रंथालयाची मंडळी येतायत. तोवर मला प्रयत्न करू दे.”

“कर. पण त्यांच्यासमोर अडलं, तर हा गेलाच म्हणून समज.”

ताईने लॅपटॉपवर माझे सेटिंगचे पान उघडले. किती वर्षांनी कोणी माझ्या आत डोकावत होते! आधी तिने पत्ते वाटायचे काम माझ्यावरच सोपवले. यंत्र आले की मोकळा नंबर आपोआप द्यायचा, ते गेले की काही वेळाने परत घ्यायचा. मग तिने त्याच तारांमधून दोन वेगळी जाळी केली, एक ऑफिसचे आणि एक पाहुण्यांचे. मधली भिंत डोळ्यांना दिसत नाही, पण पाहुण्यांच्या फोनला ती ओलांडता येत नाही. “आता मांजर येणार नाही,” असे म्हणत ताईने दिसतील तेवढे सगळे नंबरांचे स्टिकर टराटरा काढून टाकले. माझ्या कपाळावरचे ‘भंगार’ मात्र तसेच राहिले.

ग्रंथालयाची मंडळी यायच्या दिवशी मी सकाळपासून हौसेने नंबर वाटत होतो. सगळे संगणक खूश होते. पण नकाशा छापायची वेळ आली आणि मोठा प्रिंटर गप्प!

“मी म्हटलं नव्हतं?” दादा कडाडला. “पाहुणे वाटेत आहेत आणि तू नवे खेळ मांडून बसलीस!”

तो तणतणत पाहुण्यांची गाडी बघायला रस्त्यावर गेला, तसा प्रिंटर घरघरू लागला. दादा आत आला, प्रिंटर थांबला. दादा पुन्हा बाहेर, प्रिंटर पुन्हा सुरू! ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“दादा, तुझा फोन बंद कर बघू.”

“माझ्या फोनने काय घोडं मारलंय?”

फोन बंद झाला आणि प्रिंटर चालू लागला. ताईने तो भिंतीपासून ओढला. पुढे जागा नसल्यामुळे दादाने त्याचा स्टिकर पाठीवर चिकटवला होता, आणि तो तसाच होता! बाकी यंत्रांचे हाताने दिलेले नंबर ताईने काढले, पण भिंतीकडे पाठ करून बसलेला हा एक राहून गेला. सकाळी प्रिंटर बंद असताना त्याचा नंबर मला मोकळा दिसला आणि मी तो दादाच्या फोनला देऊन टाकला. पुढे घोळ माझ्या लक्षात आला, पण मला बोलायला तोंड कुठे आहे? मी आपला जीव तोडून दिवे लुकलुकवत होतो.

“म्हणजे प्रिंटरच्या जागेवर माझा फोन जाऊन बसला होता?” दादाने विचारले.

“अगदी ऐटीत!” ताई हसली. तिने तो नंबर प्रिंटरसाठी कायमचा राखून ठेवला. दादाच्या फोनला मी दुसरा दिला.

तेवढ्यात मंडळी आली. जो तो फोन काढून बसला. मी प्रत्येकाला पाहुण्यांच्या जाळ्यात नंबर दिला, कोणालाही ताटकळत ठेवले नाही. एका आजोबांनी तर मॅचच लावली. इकडे ऑफिसच्या जाळ्यातून ग्रंथालयाचा नकाशा उतरत राहिला, मुलांच्या वाचनकोपऱ्यापासून थेट गच्चीपर्यंत. ना मांजर, ना अडथळा! अध्यक्षबाईंनी तो टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, “काम तुम्हीच करायचं. खिडक्या तेवढ्या मोठ्या करा.” माझे सगळे दिवे हिरवे होते. आनंदाने मला काय करू नि काय नको असे झाले.

मंडळी गेल्यावर दादा स्टुलावर चढला. मी धसकलो. पण त्याने मऊ फडक्याने माझी धूळ पुसली आणि ‘भंगार’ नखाने खरवडून काढले. मग खिशातून एक कोरा स्टिकर काढला.

“आता आणखी कसला नंबर?” ताईने विचारले. “सगळे काढले ना मी?”

“याचा एकट्याचा राहू दे,” दादा म्हणाला.

मित्रांनो, तुमच्याकडची जुनी वस्तू टाकून देण्याआधी ती एकदा पुसा आणि तिला अजून काय काय येते ते बघा. आणि कधी या ऑफिसात आलात, तर मला कपाटावर शोधू नका. मी आता खिडकीजवळच्या फळीवर, मोकळ्या हवेत असतो. माझ्या कपाळावर दादाच्या अक्षरात ‘१’ लिहिले आहे.