टक् टक् वाजणारी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पायरी आहे. जिन्यातली नव्हे. मी चार पायांवर एकटीच उभी असते, तीही ऑपरेशन थिएटरमध्ये. तळेगावच्या एका वर्कशॉपमध्ये मला जोडले, पांढरा रंग दिला, पायांत रबराचे बूट चढवले आणि जवळच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात धाडले.

ऑपरेशनचे टेबल सर्जनच्या उंचीला लावतात. आमचे गोपाळकृष्ण सर ताडमाड उंच. मदतीला उभ्या राहणाऱ्या बुटक्या विद्यार्थ्यांचे हात पोचायचे, तर त्यांना माझ्यावर चढावे लागते. मग ते वाकड्या स्टीलच्या पट्टीने जखमेची कड ओढून धरतात, रक्त टिपतात, टाक्यांचे दोरे कापतात. "ही पायरी नसती, तर मी सर्जरी नुसती ऐकली असती," असे एक मुलगी म्हणाली होती. त्या दिवशी मी फार खूश होते.

पुढे माझा एक बूट झिजून पडला. तीन पायांची असते तर डगमगले नसते. चार पायांत एक आखूड झाला, की संपलेच. कुणी लक्ष दिले नाही. माझ्यावर उभा असताना सत्यम नावाच्या विद्यार्थ्याचा हात हलला, तेव्हा सरांनी त्याला बाहेर काढले. "डगमगणारा माणूस माझ्या टेबलाशी नको!"

दुसऱ्या दिवशी परंदवडीच्या प्रेरणा नावाच्या विद्यार्थिनीची माझ्यावर उभे राहण्याची पहिलीच वेळ होती. पेशंट वडिवळ्याचे अंबाजी आबा, हर्नियाचे. कमरेखाली बधिर, वर टक्क जागे. प्रेरणा पट्टी ओढू लागली आणि मी वाजले. टक्. टक्.

"डाक्टर," पडद्यापलीकडून आबा म्हणाले, "माज्या आत काय वाजतंय?"

"काही नाही, आबा."

"न्हाई कसं? टक् टक् हुतंय. कुणाचं घड्याळ तर न्हाई ना राह्यलं आत?"

मास्कमागे सगळे हसले. प्रेरणा मात्र घामाघूम. निर्जंतुक हातमोजे घातल्यावर हात कमरेखाली नेता येत नाहीत; मला सरळ करणार कशी? बोलावे तर सर बाहेर काढतील. गप्प राहावे तर पट्टी निसटेल, आणि सरांची सुई अगदी जवळ होती.

"सर, थांबा!" ती म्हणाली. "पायरी डगमगतेय. माझा हात हलतोय."

सरांना 'थांबा' म्हणणारी विद्यार्थिनी तिथे कुणी पाहिली नव्हती. सरांनी सुई वर उचलली. थिएटरच्या मदतनीस हिरामावशींनी हातमोज्यांचे रिकामे खोके दुमडून माझ्या पायाखाली सारले. "घे, आता नाच हवं तर!"

"आधी का नाही बोललीस?" सरांनी विचारले.

"तुम्ही बाहेर काढाल म्हणून."

सरांनी वाकून माझ्याकडे पाहिले. "काल सत्यम याच पायरीवर होता?"

"हो, सर."

"त्याला उद्या माझ्यासमोर उभा कर. चूक त्याची नव्हती."

"म्हंजे माज्यात न्हाई ना काय वाजत?" आबा.

"नाही, आबा."

"मंग शिवा निवांत."

शेवटचा टाका सरांनी प्रेरणाला घालू दिला. संध्याकाळी मला नवा बूट मिळाला, आणि सकाळी माझ्यावर सत्यम उभा होता.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, नुसते वाजता येते. आम्ही वाजलो, की खाली वाकून बघा. आणि हात गुंतलेले असतील, तर निदान मोठ्याने सांगा.