चार बोटं उंबरा

सकाळी साडेदहा वाजता अनिताच्या खुर्चीची पुढची चाकं नव्या इमारतीच्या दारात अडली. दाराला काळ्या दगडाचा उंबरठा होता, चार बोटं उंच. त्यावर हळदकुंकू आणि झेंडूची दोन फुलं.

वास्तुरचनाकार सुलक्षणाने काढलेल्या नकाशात उंबरठा नव्हता. अपंगांच्या या संस्थेसाठी वर्षभर खपून तिने एकच गोष्ट धरून ठेवली होती. न्हावऱ्याच्या रस्त्यापासून आतल्या शेवटच्या खोलीपर्यंत कुणाला कुणाचा हात मागावा लागू नये. दारापर्यंतचा उतार तर नकाशाबरहुकूम झाला होता.

तिने पोपट गवंड्याकडे पाहिलं. पोपटने जागा देणाऱ्या हौशीराम आबांकडे.

"नकाशात ऱ्हाऊन गेला व्हता, ताई," आबा सांभाळून घेत म्हणाले. "मी बसवून घेतला."

दगड त्यांनी स्वतः पारखून घडवून घेतला होता. पूजा त्यांच्या पत्नी धुरपदाबाईंनी केली होती. उंबरठा चुकून राहिलेला नाही, मुद्दामच दिलेला नाही, असं सुलक्षणाने सांगितलं, तेव्हा आबा हसले.

"गोठ्याला नसतो उंबरा. मानसांच्या घराला असतो."

 कुरकुंभच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येताना अनिताला अपघात झाला, त्यानंतर ही संस्था तिनेच उभी केली. आबांनी दोन मजुरांना हाक मारली.

"उचला पोरीला. लक्षुमी हाय. पयलं पाऊल तिचंच..."

पाऊल म्हणताना त्यांची नजर अनिताच्या पायांकडे गेली.

"दवाखान्यात उचलत्यात, आबा," अनिता म्हणाली. "घरात न्हाई."

तिने खुर्ची वळवली आणि उन्हात जाऊन थांबली. चहा आला, तो तिने तिथेच घेतला. आबांचा कप आत निवत राहिला.

सुलक्षणाने उंबरठा काढायला सांगितला, पण पुजलेल्या दगडावर घाव घालायला पोपट तयार नव्हता. छिन्नी-हातोडा दारातच ठेव, आबा काय म्हणतात ते कळव, एवढं सांगून सुलक्षणा निघाली.

संध्याकाळी पोपटचा फोन आला.

"आबा आल्यात. उंबऱ्यावरलं हळदकुंकू उपरण्यानं पुसलं."

"मग?"

"मग काय न्हाई. फुलं खिशात घातली. आता दगडाशेजारी बसल्यात. छिन्नी मागितली न्हाई. पन घरला निघताना मला उचलूबी दिली न्हाई."