मास्तरांचा पक्का पासवर्ड
छापखान्यात कंप्युटर एकच आणि त्यावर डोळा चौघांचा. मालक त्यावर बिलं करायचे, ताई मजकूर टाइप करायच्या, मशीनवाले काका जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळायचे, आणि प्रुफं तपासणारे मास्तर जरा जागा रिकामी दिसली की आपलं ईमेल उघडायचे. मास्तर कुठल्याही शाळेत नव्हते. दिसेल त्याच्या चुका काढायची खोड, म्हणून हे नाव चिकटलेलं.

तर या मास्तरांनी गुपचूप दुसरीकडे अर्ज ठोकला होता. तिथे परीक्षेचे पेपर छापायचे आणि प्रुफं तपासणाऱ्याला स्वतंत्र खोली मिळायची, दाराला आतून कडी असलेली. औषधाच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर वाचून मास्तर पार विटले होते. त्या खोलीसाठी त्यांचा जीव नुसता तुटत होता. पण मालकांना आधीच सुगावा लागला तर? नवी नोकरी राहायची बाजूला आणि आहे तीही जायची, या धास्तीने त्यांना घास गोड लागेना.

म्हणून पासवर्ड. आणि तो काय साधासुधा? बायकोचं नाव ठेवणाऱ्या बावळटांना मास्तर हसायचे. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, मधेच चिन्हं, आणि दर सोमवारी सगळं नवं. टाइप करताना ते कीबोर्डवर रुमाल धरायचे. काका नुसते शेजारून गेले तरी त्यांच्यावर खेकसायचे. ईमेल बंद झालंय ना, हे उठताना परत परत बघायचे.

एवढं सगळं केलं, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. छापखान्यात प्रुफं मोठ्याने वाचायची रीत. एकाने स्वल्पविराम-पूर्णविरामासकट वाचायचं, दुसऱ्याने ताडून बघायचं. मास्तरांचा उभा जन्म त्यात गेलेला. बोटं चालली की तोंड आपोआप चालायचं. रुमालाआड बोटं लपलेली आणि वर खणखणीत आवाज: मोठा के, छोटा टी, सात, स्वल्पविराम. आख्खा छापखाना ऐकायचा. आता फुकटची करमणूक कोण कशाला बंद करेल?

एका सोमवारी निवडीचं ईमेल आल्याचा निरोप त्यांना फोनवर मिळाला. होकार त्याच दिवशी कळवायचा होता. मास्तरांनी सकाळीच पासवर्ड बदलला होता आणि दुपारपर्यंत तो साफ विसरले होते. एकदा चुकला, परत चुकला. आणखी चुकलात तर खातं बंद होईल, अशी लाल अक्षरं समोर आली. मास्तरांची पाचावर धारण बसली. त्याच रुमालाने ते घाम पुसू लागले.

ताईंनी मान वर न करता सांगितलं, "मोठा आर, नऊ, छोटा एम, तारकाचिन्ह, चार."

"शेवटी उद्गारचिन्ह," आतून मालक म्हणाले.

मास्तरांना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. त्यांनी कसंबसं विचारलं, "माझी पत्रं वाचलीत तुम्ही?"

"आम्ही कशाला वाचू? तुम्हीच वाचून दाखवता," मालक दारात येत म्हणाले. "अर्जही ऐकला. 'गुप्तता राखणे हा माझा स्वभाव आहे', वा! जा की खुशाल. पण तिथे तोंड मिटून काम करावं लागतं, मास्तर. या जन्मी जमायचं नाही तुम्हाला."

काका खो-खो हसले. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते कंप्युटरकडे वळले आणि त्यांनी ओठ दातांखाली घट्ट दाबले. ईमेल उघडलं. पहिल्या तारखेला हजर होतो, असं उत्तर लिहिलं. एकेक स्वल्पविराम घशाशी यायचा आणि ते तो गिळायचे. डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली, पण आवाज म्हणून फुटला नाही. मग त्यांनी पासवर्डही बदलला, तोही तसाच.

ताईंचे हात थांबले होते. मालकांनी घसा खाकरला.

"काय कळवलंत?"

"ते खाजगी आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी समोरची प्रुफं ओढली.

मालकांनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी काकांकडे. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मग संध्याकाळपर्यंत मालक काही ना काही निमित्त काढून मास्तरांच्या टेबलाभोवती घुटमळत राहिले.