सम्राटचा दहावा

एसटीत लागलं की माणसाची जात डेपोच्या फाटकाबाहेर राहते, असं आमच्या डेपोतले मारुतराव म्हणायचे. अर्धंच खरं. आमच्याकडे लातूरचे, नंदुरबारचे, कुठकुठचे लोक. चहा मात्र एकाच किटलीतला. मी तळेगाव ढमढेऱ्याचा मराठा, कंडक्टर. सम्राट दौंडचा बौद्ध, ड्रायव्हर. शिरूर-दौंड गाडीवर कैक वर्षं आमची जोडी. भांडण एकच. मी गाडीला लिंबू-मिरची बांधायचो आणि हा पठ्ठ्या ती मिरची सोडून भाकरीबरोबर खायचा.

"ब्रेक मी मारतो, मच्छिंद्रा. मिरची न्हाई."

गेल्या महिन्यात हार्ट अटॅकनं तो गेला. दवाखान्यात मला आत सोडलंच नाही. दहाव्या दिवशी सकाळी दौंडला घरी जलदानविधी होता: भंतेजी, बुद्धवंदना, श्रद्धांजली. त्यांच्यात पिंड नसतो, कावळा नसतो, हे मला का ठाऊक नव्हतं? पण जीव राहीना. भाऊ गेल्यावर काय करायचं, ते मला एवढंच येतं. उजाडताच घोडनदीच्या घाटावर केस उतरवले, पिंड ठेवला. लवकर उरकून दौंड गाठू म्हटलं.

कावळा शिवेना. झाडावर बसून नुसता बघत राहिला.

"वहिनींकडं बघीन," म्हणालो. "पोरीला शिकवीन," म्हणालो. लिंबू-मिरची बांधायचीसुद्धा सोडली. हलेना.

"लेका, आजून काय पायजे तुला?" मी ओरडलो.

ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि रडतच गाडीत बसलो.

पोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या गोळा होत होत्या. ललितावहिनींनी माझं डोकं पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"ह्यांना जन्मभर जे नको हुतं, तेच केलं ना भाऊजी?"

"वहिनी, मला दुसरं कायच येत न्हाई."

"बोलता तर येतं! दवाखान्यात म्हणले हुते, पुढाऱ्यांची भाषणं नकोत, माझ्याबद्दल एकट्या मच्छिंद्रानं बोलायचं. आमी कुणालाच बोलू दिलं न्हाई. भंतेजी खोळंबले, डेपोतली मान्सं ड्युटीला गेली. तुमी फोनबी उचलंना. लई वाट बघितली."

मी घाटावर ज्याची इच्छा विचारत बसलो होतो, ती इथं मांडवात खोळंबली होती.

तरी उभा राहिलो, सम्राटबद्दल बोलायला लागलो. ऐकायला वहिनी एकट्याच होत्या. थोडा वेळ ऐकून त्याही आत निघून गेल्या.