घट्ट सील

सासरे आणि सून एकाच धंद्यात होते, पण त्याच्या दोन टोकांना. सासरे पोटाचे सर्जन. सारी हयात आतडी कापण्यात आणि जोडण्यात गेलेली. सून त्या कामाला लागणारी यंत्रं आखणारी इंजिनियर. जेवायला बसल्यावर या दोघांचं सुरू झालं की आतडं कुठे जाड, कुठे पातळ, कुठली शिवण उसवायची भीती, याला खंड नसायचा. मग तिचा नवरा ताट उचलून बाहेरच्या खोलीत जायचा. "तुमचं ऑपरेशन आटोपलं की हाक मारा," म्हणायचा. सासूबाई मात्र तिथेच बसून निवांत जेवायच्या. सर्जनशी संसार केल्यावर कसली किळस आणि कसलं काय, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टरांना सुनेचं भारी कौतुक. कुणी भेटलं की, "आमची सून स्टेपलर बनवते. कागदाचा नव्हे हो, आतड्याचा!" आणि समोरच्याचा चेहरा बघून स्वतःच मोठ्याने हसायचे.

तिचा स्टेपलर म्हणजे हातात धरायची मूठ, मुठीपुढे लांब नळी आणि टोकाला चिमट्यासारखा जबडा. जबड्यात आतडं धरून बटण दाबलं की मुठीतली मोटर आतला दांडा पुढे ढकलायची. पिनांच्या रांगा बसत जायच्या आणि मधून पातं कापत जायचं. पिना नीट वळून मिटल्या तर शिवण पक्की. अर्धवट राहिल्या तर आतड्यातला मैला पोटात झिरपणार आणि माणूस हातचा जाणार.

जुन्या यंत्रांचं दुखणं एकच होतं. दांड्याच्या भोकातून रक्त मुठीत शिरायचं आणि आत साठलेली घाण जंतू मारायच्या वाफेच्या भट्टीतूनही पुरती निघायची नाही. म्हणून सुनेने मूठ सगळीकडून बंद केली आणि दांडा जिथून बाहेर येतो तिथे रबराचं कडं, म्हणजे सील, बसवलं. पहिल्या कड्यातून थेंब झिरपला, तेव्हा तिने ते आणखी घट्ट केलं. मग एक थेंबही आत गेला नाही. त्या दिवशी तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. चाचण्या घेणारा सहकारी म्हणाला, "मॅडम, हे वाफेतून पुन्हा पुन्हा काढून बघूया का? रबर आहे, काय सांगता येतं?"

"बघू की," ती म्हणाली, "आधी प्रात्यक्षिक तर होऊ दे."

प्रात्यक्षिक कंपनीच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. बऱ्याच हॉस्पिटलांचे सर्जन आले होते. स्टीलच्या ट्रेमध्ये खाटकाकडून आणलेलं आतडं धुऊन मांडलं होतं. यंत्र चालवायला कुणाला बोलवायचं हा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांचं नाव मोठं, शब्दाला वजन. शिवाय सुनेचं काम म्हटल्यावर ते आपणहूनच पुढे झाले होते.

घरात एक गोष्ट मात्र कुणी बोलत नव्हतं. काही काळापासून सासूबाई डॉक्टरांना चहा अर्धाच कप देत होत्या. भरलेला कप त्यांच्या हातात हिंदकळायचा. मुलाला दिसत होतं, सुनेला दिसत होतं, आणि सगळे मिळून ते न पाहिल्यासारखं करत होते.

डॉक्टरांनी हातमोजे चढवले, आतडं जबड्यात घेतलं, लोकांकडे बघून काहीतरी गमतीचं बोलले आणि बटण दाबलं. मोटर सुरू झाली. अर्ध्या वाटेवर तिचा आवाज दबला, ओझ्याखाली माणूस कण्हावा तसा. तो आवाज सुनेला झोपेतही ओळखता आला असता. पण डॉक्टर थांबले नाहीत. यंत्र शेवटपर्यंत गेलं, त्यांनी जबडा उघडला आणि आतड्यात रंगीत पाणी सोडलं. शिवणीच्या अर्ध्या भागातून पाणी घळाघळा बाहेर आलं. पिना वळल्याच नव्हत्या, उभ्याच्या उभ्या राहिल्या होत्या.

हॉलमध्ये कुजबूज झाली. कंपनीचे साहेब तिच्याकडे वळले. "काय झालं हे?"

एवढ्या नजरा एकदम अंगावर आल्या आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हात हलला असेल. जबडा चालू असताना यंत्र हललं तर पिना वाकड्या बसतात. सरांच्या हाताला... थोडा कंप आहे."

सगळ्यांच्या माना डॉक्टरांच्या हाताकडे वळल्या. डॉक्टरांनीही स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "असेल," ते म्हणाले. "तसंही असेल." मग त्यांनी हातमोजे काढले. ते काढताना हात खरोखरच थरथरत होता.

घरी येताना गाडी ती चालवत होती. डॉक्टर खिडकीबाहेर बघत बसले होते. तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा सिग्नल कसा उशिरा सुटतो एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी हॉस्पिटलला फोन करून सांगितलं की यापुढे आपण ऑपरेशन करणार नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, कुणालाही विचारलं नाही. सासूबाई स्वयंपाकघरात डोळे पुसत होत्या. पण त्यात सुटका झाल्याचंही पाणी होतं. नवऱ्याने तर बायकोचा हात हातात घेतला. "आम्हा कुणाची बोलायची छाती झाली नाही. तू बोललीस. उद्या खरंच कुणाच्या जिवावर बेतलं असतं तर?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं वाटलं.

ऑफिसला गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि ते यंत्र टेबलावर घेऊन उघडलं. प्रात्यक्षिकाआधी रंगीत तालमीसाठी ते किती वेळा वाफेतून काढलं होतं, याची तिला कल्पना होती. कडं बाहेर काढून तिने नव्या कड्याशेजारी ठेवलं. मोजपट्टीची गरजच पडली नाही. जुनं कडं फुगून गुबगुबीत झालं होतं. त्याने दांडा असा आवळला होता की मोटरचा सगळा जोर त्यालाच पुढे सरकवण्यात खर्च होत होता, पिना वळवायला काही उरतच नव्हता. तिला आश्चर्य वाटलं नाही, आणि तेच जास्त झोंबलं. हॉलमध्ये आवाज दबला तेव्हाच तिला कळलं होतं. मग तिची नजर सासऱ्यांच्या हाताकडे गेली होती, आणि पळवाट सापडली होती.

त्या दुपारी ती लवकर घरी आली. डॉक्टर गच्चीला लागून असलेल्या खोलीत आरामखुर्चीत होते. मांडीवर पुस्तक उघडं, पण चष्मा खिशात.

"बाबा, हात नव्हता," ती दारातूनच म्हणाली. "सील होतं. वाफेने फुगलं. माझं चुकलं."

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "माहीत आहे."

"म्हणजे?"

"अगं, हयातभर हेच केलंय मी. मुठीत कळतं. मोटर अडली तेव्हाच मला कळलं की आत काहीतरी धरतंय. मी थांबायला हवं होतं. सुनेच्या यंत्राची फजिती नको म्हणून दाबत राहिलो."

ती दारातून आत आली. "मग तुम्ही तसं बोलला का नाहीत?"

"कारण तू माझ्या हाताचं बोललीस आणि ते खरं होतं." त्यांचा आवाज चढला. "खोटं बोललीस ती यंत्राबद्दल. हाताबद्दल खरं बोललीस. दोन्हीतलं मला जास्त काय लागलं, ते अजून माझं मलाच उमजलेलं नाही. पण एवढ्या लोकांत, सूनबाई? घरात एकदा बोलली असतीस!"

घरात बोलायची हिंमत नव्हती आणि लोकांत बोलायला लाज वाटली नव्हती, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार?

"मी उद्या ऑफिसात सगळ्यांना सांगते," ती म्हणाली.

"नको." डॉक्टर खुर्चीत पुढे झाले. "कडं बदल, गुपचूप. बोभाटा करू नकोस. तू सांगितलंस की हॉस्पिटलवाले मला परत बोलावतील. सर, तुमची काही चूक नव्हती, या. आणि मी जाईन. मला माहितीये मी कसा आहे. आज दार बंद झालंय ते असू दे."

ती खाली आली. गप्प राहणं सोपं होतं. आता तर त्याला सासऱ्यांची परवानगीही होती. पण त्या दिवशी हॉलमध्ये बसलेला प्रत्येक सर्जन एकच गोष्ट मनात घेऊन गेला होता: यंत्र चांगलं आहे, हात स्थिर हवा. त्यातल्या काहींकडे सरावासाठी तसलीच यंत्रं पोचली होती. मोटर अडली तर तेही स्वतःच्या हाताला दोष देतील आणि बटण आणखी दाबून धरतील.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगून त्या सर्व सर्जनांना व्हिडिओ कॉलवर एकत्र घ्यायला लावलं. दोन्ही कडी कॅमेऱ्यासमोर धरली आणि वाफेने कडं फुगल्याचं सांगितलं. सराव थांबवा, यंत्रं परत पाठवा.

साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मग त्या दिवशी हाताचं का काढलंत?"

"यंत्र माझं होतं," ती म्हणाली. "हात माझा नव्हता."

एका सर्जनने घसा खाकरला. कान तापून लाल होणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. पुढे ते काम तिच्याकडून काढून चाचण्यांच्या सहकाऱ्याकडे दिलं गेलं आणि ती त्याच्या हाताखाली बसू लागली. तो बिचारा तिला अजूनही मॅडमच म्हणायचा, आणि दर वेळी तिची मान खाली जायची.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. तिने सांगितलं त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या प्रमुखांचा फोन आला. सगळे बाहेरच्या खोलीतच होते. डॉक्टर ऐकत होते. चेहरा हळूहळू उजळला, पाठ ताठ झाली. सासूबाईंनी पदर मुठीत धरला. सुनेला वाटलं, झालं, आता हे जाणार, आणि उद्या कुणाचं काही झालं तर तेही माझ्या माथी.

मग डॉक्टर खुर्चीवर बसले. "तुम्ही म्हणताय ते खरं," ते फोनमध्ये म्हणाले. "सील खराब होतं. पण माझा हात थरथरतो, हेही खरं आहे. मागे एका ऑपरेशनात माझ्या असिस्टंटने माझा हात धरून टाका पुरा केला. त्याने कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. त्याला विचारा." पलीकडचं ऐकून ते म्हणाले, "नाही, मी येत नाही."

फोन ठेवून ते कुणाकडेही न बघता आत गेले. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत प्रश्न दिसला. तिने मग त्याला सगळं सांगितलं, मोटरच्या आवाजाचंही. त्याने तिचा हात धरला नाही, पण तो उठूनही गेला नाही.

त्यानंतर डॉक्टर तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. मीठ दे, दार लाव, एवढंच. जेवताना आतड्याचा विषय निघत नव्हता आणि नवरा ताट घेऊन उठत नव्हता. घरात सगळं शिस्तीत चाललं होतं, आणि ती शिस्त तिला खायला उठायची.

एका सकाळी ती ऑफिसला निघताना डॉक्टर कपडे करून पायऱ्यांवर उभे होते.

"मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, हात दाखवायला," ते म्हणाले. "तुझा नवरा हॉस्पिटलच्या वासानेच गळतो. तू चल."

ती गेली. डॉक्टरीणबाई वयाने सुनेएवढ्याच होत्या. त्यांनी हात पुढे करायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितलं, कागदावर गोल काढून घेतले. डॉक्टर शाळकरी मुलासारखे सगळं करत होते. त्यांचे गोल वेडेवाकडे आले, ते बघून त्यांनी मान वळवली.

"हे कधीपासून आहे, सर?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर काही बोलायला गेले आणि थांबले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "तू सांग. मी सांगितलं तर कमीच सांगेन."

आणि ती सांगायला लागली. आधी चाव्या कुलपात बसेनात, मग सदऱ्याच्या गुंड्या, मग सही. काहीही न वगळता, हळू आवाजात, त्यांच्या तोंडाकडे न बघता. डॉक्टर समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होते आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते.